हा कुठला किल्ला? : मराठी अद्भुतकथा आणि तिच्या वाचकांचा मेळा

१८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' प्रसिद्ध झाली. तिच्या आधी सात वर्षे लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली होती. मराठी कादंबरीच्या प्रत्येक इतिहासात या दोघींची नोंद असते आणि ती उरकून इतिहासकार लगबगीने हरिभाऊ आपट्यांकडे वळतो. मला या कादंबऱ्यांइतकाच 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत रस आहे. रिसबुडांचे तिथले म्हणणे थोडक्यात असे : आपल्या हिंदू लोकांत लग्नाच्या आणि इतर चालीरीतींमुळे मन वेधून घेतील असे ना गुण आढळत, ना अवगुण, रोजच्या अनुभवाचे लिहिले तर त्यात गोडी येत नाही, म्हणून रंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताचा आश्रय करणे भाग पडते.

अभ्यासकांनी या प्रस्तावनेचा उपयोग बहुधा एकोणिसाव्या शतकातले समाजजीवन किती बंदिस्त होते हे दाखवण्यासाठी केला आहे. तो योग्यच आहे. पण त्यातली दुसरी गोष्ट सहसा कुणी बोलून दाखवत नाही. मराठीत अद्भुत लिहिणारा पहिल्या पिढीतच माफी मागत उभा आहे. 'मला हे लिहावेसे वाटले' असे त्याला म्हणता येत नाही. 'दुसरे काही लिहिता येत नाही, म्हणून हे लिहिले' असे तो म्हणतो. ज्या परंपरेने अद्भुताला नवरसांत मानाने बसवले, तिच्यातल्या लेखकाने असे ओशाळे व्हावे, याचे मला फार दिवस नवल वाटत आले आहे.

ही माफी अजून संपलेली नाही, असे माझे म्हणणे आहे. ती का संपली नाही, हे शोधताना मराठी पुस्तकांइतकाच विचार मराठी वाचकांच्या एकत्र जमण्याचा करावा लागतो. या लेखाचा विषय तो आहे.

निमित्त आमच्या गावातले. चौक म्हणजे चार रस्त्यांचा नव्हे. खालापूर तालुक्यातले, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे, सरनोबत नेताजी पालकरांचे म्हणून ओळखले जाणारे गाव. इथली एक मुलगी गेली सहा वर्षे मराठीत कादंबरी लिहिते आहे. वय सत्तावीस, एका कारखान्यात हिशेबाची नोकरी. कादंबरीत पृथ्वीवर कुठेही नसलेला एक मुलूख आहे. त्याला स्वतःचे ऋतू आहेत, वजनमापे आहेत, देवदेवस्की आहे, आणि समुद्राकडून डोंगराकडे वाहणारी एक नदी आहे. वहीच्या मागच्या पानांवर तिने नकाशे काढले आहेत. दरवर्षी ती एक दिवस रजा टाकते, एसटीने पनवेल आणि पुढे लोकलने मुंबई गाठून कॉमिक कॉनला जाते. जाताना पिशवीत फोमची तलवार आणि जुन्या पडद्याचा शिवलेला झगा असतो. घरच्यांना हे थोडे वेड वाटते. मलाही पहिल्यांदा ऐकले तेव्हा गंमत वाटली होती.

तिने तीन प्रकाशकांना हस्तलिखित दाखवले. एकाने विचारले, बालवाङ्मय आहे का? दुसऱ्याने विचारले, ऐतिहासिक करता येईल का, गडकिल्ले आहेतच. तिसऱ्याने सांगितले, की यात काहीतरी विज्ञान घाला, म्हणजे विज्ञानकथा म्हणून छापता येईल. या तीन प्रश्नांत मराठी वाङ्मयव्यवहाराचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि प्रकाशकांना दोष देण्यात अर्थ नाही. दुकानात हे पुस्तक कोणत्या फळीवर ठेवायचे, एवढेच ते विचारत होते. फळीच नाही, हे खरे दुखणे.

या फळ्या झाल्या कशा? ऐतिहासिक कादंबरीची गोष्ट सोपी आहे. तलवारी, भुयारे, वेषांतरे, शाप आणि सुटका यांची भूक 'मुक्तामाले'च्या वाचकाला होती, ती पुढे गडकोटांच्या कथांनी भागवली. नाथमाधवांचे उदाहरण घ्या. द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८) शिकारीत सिंहगडाच्या कड्यावरून पडले, पाय गेले, आणि अंथरुणावरच्या या माणसाने १९१३ साली 'वीरधवल' दिली. ती निखळ अद्भुत कादंबरी आहे आणि तिने दोन पिढ्यांना झोपू दिले नाही. पुढे त्यांनी स्वराज्याच्या कादंबऱ्यांची माळ लिहिली. वाचक तोच होता आणि थराराची जातही तीच होती. पण आता त्याला इतिहासाचा आधार मिळाला, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर पुस्तक उघडे ठेवता येऊ लागले. गो. ना. दातारशास्त्र्यांच्या 'कालिकामूर्ती'ला हे भाग्य लाभले नाही. ती उशीखालीच राहिली.

विज्ञानकथेची गोष्ट जास्त बोधक आहे, कारण तिथे फळी कशी बांधली गेली ते तारखांनिशी दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभीच 'केरळ कोकिळ' मासिकातून ज्यूल व्हर्नचा चंद्रप्रवास मराठीत आला होता. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांपर्यंत पोचवला. तरीही विज्ञानकथा हा 'प्रकार' झाला तो १९६६मध्ये मराठी विज्ञान परिषद निघाल्यावर. परिषदेची वार्षिक अधिवेशने भरू लागली आणि तिने विज्ञानरंजन कथास्पर्धा सुरू केली. १९७४मध्ये या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' नावाच्या कुणाची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंच्या हातची लिहून पाठवली होती. हा किस्सा सर्वांना ठाऊक आहे. त्यातला मुद्दा मात्र निसटतो. जगभर नाव असलेल्या शास्त्रज्ञालाही कथा पाठवायला एक पत्ता लागला, परीक्षक लागले, निकाल लागला. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या कथेची दखल घेतली. मग बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी फळी उभी राहिली. लोंढ्यांची 'दुसरा आइन्स्टाइन' जेम्स गन यांच्या जागतिक विज्ञानकथांच्या संग्रहात गेली. २०२१मध्ये नाशिकच्या ९४व्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. प्रकृतीमुळे ते तिथे जाऊ शकले नाहीत, पण ज्या कथाप्रकाराने टोपणनावाने दार ठोठावले होते, तो सत्तेचाळीस वर्षांत अध्यक्षीय भाषणाचा विषय झाला.

याची किंमतही मोजावी लागली. परिषदेचे काम विज्ञानप्रसाराचे. तिने कथेला आसरा दिला तो त्या कामासाठी. त्यामुळे मराठी विज्ञानकथेच्या अंगाला उपयुक्ततेचा वास चिकटला. अनेक कथांत शेवटी कुणीतरी प्राध्यापक खुर्चीत रेलून सिद्धान्त समजावून सांगतो. नारळीकरांच्या उत्तम कथा, उदाहरणार्थ 'वामन परत न आला' ही कादंबरी, या सवयीच्या वर उठतात. पुष्कळशा उठत नाहीत. आणि ज्या अद्भुताचा कसलाच उपयोग सांगता येत नाही, ज्यातली नदी उलटी वाहते एवढेच, त्याला या मांडवात जागा नव्हती. परिषदेने ती द्यायला हवी होती असेही नाही. दुसरा मांडव कुणी घातला नाही, हा प्रश्न आहे.

त्याला काही प्रमाणात मांडव मिळाला तो दिवाळी अंकांत. १९०९मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा मराठी वाचकांचा कागदावरचा वार्षिक मेळाच आहे. अनंत अंतरकरांचे 'नवल' आणि शंकरराव कुलकर्ण्यांचे 'धनंजय' यांनी गूढ, भय आणि अद्भुत या तिघांना एका पंक्तीला बसवून जेवू घातले. नारायण धारप (१९२५–२००८) या पंक्तीतले यजमान. पण धारपांविषयी समीक्षेने काय केले? जवळजवळ काहीच नाही. 'लुचाई'मागे स्टीफन किंगची कोणती कादंबरी आहे, 'शपथ'मागे कोणती, समर्थांच्या कथांत त्यांचे स्वतःचे किती, हा तौलनिक अभ्यासाचा चांगला विषय विद्यापीठांनी घेतला असता तर शोभला असता. तो केला वाचकांनी. बँकेत, रेल्वेत, शाळेत नोकरी करून, रद्दीच्या दुकानातून प्रती जमवून. मी अशी काही टिपणे पाहिली आहेत. त्यांत तळटिपा नाहीत, पण नजर चोख आहे. मीही कुठल्या विद्यापीठाचा नाही, म्हणून कदाचित मला त्यांचे कौतुक अधिक असेल.

आणि मग 'तुंबाड' आला. २०१८च्या या चित्रपटाचे एक बीज धारपांच्या कथेत आहे, शीर्षक श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देणारे, पाऊस आणि वाडे आपले. चित्रपट हिंदी. २०२४मध्ये तो पुन्हा लावला, तेव्हा पहिल्या खेपेहून जास्त चालला. मराठी मातीतल्या अद्भुताला चाहते आहेत, हे त्याने सिद्ध केले. ते जमले मात्र दुसऱ्या भाषेच्या ओट्यावर.

यावर कुणी म्हणेल, की खऱ्या प्रतिभेला मांडव लागत नाही, जी. ए. कुलकर्ण्यांकडे पाहा. हा आक्षेप वजनदार आहे. 'रमलखुणा'तल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथा मराठीतल्या थोर अद्भुतकथा आहेत. त्यांचे प्रदेश कोणत्याही नकाशावर नाहीत. आणि हे लिहिणारा माणूस धारवाडला, मराठीच्या सीमेपलीकडे, काळ्या चष्म्याआड राहिला. सभासंमेलनांना गेला नाही. 'काजळमाया'ला मिळालेला अकादमी पुरस्कारही त्याने परत केला. मेळ्याविना अद्भुत लिहून झाले की नाही?

झाले. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. जी. एं.चा पत्रव्यवहार पाहा. सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेली पत्रेच एका खंडाएवढी आहेत. पुस्तके, चित्रे, दंतकथा यांवर समानधर्म्यांशी तासन् तास बोलण्याची भूक त्यांनी टपालाने भागवली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जी. एं.ची गणना आपण अद्भुतकथेत करतच नाही. त्यांच्या कथांना आपण रूपककथा म्हणतो, प्रतीककथा म्हणतो, नियतीचे चिंतन म्हणतो. अद्भुतकथा उत्तम निघाली की समीक्षा तिचे नाव बदलते, आणि मग मराठीत उत्तम अद्भुतकथा नाही असा निर्वाळा देते. वसूल झालेले कर्ज दुसऱ्याच्या खात्यावर लिहून मूळ ऋणको बुडीत दाखवावा, तसा हा हिशेब आहे.

दिवाळीत आपली मुले मातीचा किल्ला करतात. त्यावर हळीव पेरतात, मावळे मांडतात, पायथ्याला आरसा ठेवून तळे करतात, आणि मग कुणाच्या तरी खोक्यातून एक प्लास्टिकचा डायनासोर येऊन बुरुजावर बसतो. पाहायला आलेला मोठा माणूस पहिला प्रश्न विचारतो : हा कुठला किल्ला? मूल जरा गोंधळते आणि रायगड किंवा प्रतापगड असे काहीतरी ठोकून देते. खरे उत्तर 'माझा' असे असते. मराठी समीक्षा अद्भुतकथेला नेमका हाच प्रश्न विचारत आली आहे. हे कशाचे प्रतीक, कुठल्या वास्तवाचे रूपक, कोणत्या सिद्धान्ताचे उदाहरण? नवा लेखक मग रायगड म्हणून मोकळा होतो.

या प्रश्नामागे एक प्रामाणिक भीतीही आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. महाराष्ट्रात भूत हा केवळ कथेचा विषय नाही. भगत, करणी, उतारे यांनी माणसांचे जीव घेतले आहेत. त्याविरुद्ध आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३मध्ये खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. अशा समाजात वेताळाची गोष्ट लिहिणे निरुपद्रवी आहे का? आमच्या तालुक्यातल्या वाड्यांत साप चावल्यावर आधी कुठे नेले जाते हे पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. माझे उत्तर असे, की भगत आपले अद्भुत खरे म्हणून विकतो. कथाकार ते खोटे आहे हे पहिल्या ओळीला मान्य करून मगच बोलतो. दशावतारात रावण होणारा शेजारचाच असतो, पडद्यामागे विडी ओढताना दिसतो, आणि तरी रंगमंचावर आला की अंगावर काटा येतो. खोटे आहे हे जाणून त्यात रमण्याची ही सवय अंधश्रद्धेला पूरक नाही, मारक आहे. फोमची तलवार घेतलेल्या त्या मुलीला तलवार फोमची आहे हे ठाऊक असते. बोहाड्यातली आणि शिमग्यातली सोंगे ज्यांच्या घरात होती, त्यांनी या पोशाखांना परके म्हणू नये.

आता ज्या मेळ्यांना ती जाते, त्यांच्या मुळाकडे थोडे पाहू. जुलै १९३९मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले. जेमतेम दोनशे माणसे. फॉरेस्ट ॲकरमन भविष्यकाळातला पोशाख घालून आला होता. तो मर्टल डग्लस या त्याच्या मैत्रिणीने शिवला होता आणि तीही तसेच कपडे घालून आली होती. आलेल्यांत एकोणीस वर्षांचा आयझॅक ॲसिमॉव्ह होता. अठरा वर्षांचा रे ब्रॅडबरी ॲकरमनकडून उसने पैसे घेऊन लॉस एंजलीसहून आला होता. भांडणेही झाली, सहा जणांना दारातूनच परत पाठवले. मुद्दा असा, की तिथे लेखक आणि वाचक ही दोन वेगळी माणसे नव्हती. १९५३पासून दिले जाणारे ह्यूगो पुरस्कारही संमेलनाचे सभासद, म्हणजे वर्गणी भरणारे वाचक, मत देऊन ठरवतात.

आपल्याकडे १८७८मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांची सभा भरली. नावातच ती ग्रंथकारांची आहे. १८८५च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारले, त्यामागची कारणे याहून कितीतरी खोल होती. पण ही सभा कुणाची, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला होता. पुढे संमेलन अफाट वाढले, ग्रंथविक्री कोटींत गेली. तरी वाचकाची जागा मांडवातली खुर्ची, पुस्तकांचा गाळा आणि झुणका-भाकर केंद्र. अध्यक्षपदाची निवडणूक होती तेव्हा मत मूठभरांना होते. आता निवडणूकच नाही.

कॉमिक कॉनही निर्दोष नाही. २०११पासून मुंबईत भरणारा हा मेळा मुख्यतः बाजार आहे. तिकीट महाग, भाषा इंग्रजी, नायक अमेरिकी नाहीतर जपानी. आमच्या मुलीला मी विचारले, तिथे मराठीत लिहिणारे कुणी भेटते का? ती म्हणाली, "काका, रांगेत भेटतात. स्टॉलवर नाही." रांगेत तिला नाशिकचा एक मुलगा भेटला, तो मराठीत अशीच कादंबरी लिहितो. दोघांनी एकमेकांचे नकाशे पाहिले. त्या मुलाने तिला विचारले, की तुझ्या मुलखात मीठ कुठून येते? सहा वर्षांत तिच्या लिखाणावर झालेली ती पहिली समीक्षा.

अनुवादांनीही हा प्रश्न सुटत नाही. मुग्धा कर्णिकांनी टॉल्कीनची महाकादंबरी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणली, हे मोठे काम आहे. मूळ ग्रंथानंतर साठएक वर्षांनी ते झाले. या टॉल्कीननेच १९३९मध्ये दिलेल्या आणि नंतर विस्तारलेल्या परीकथांवरील व्याख्यानात पलायनवादाच्या आरोपाला उत्तर दिले होते : तुरुंगातून सुटू पाहणारा कैदी आणि रणातून पळणारा शिपाई यांत फरक करा. मराठीत 'पलायनवादी' हा शब्द आपण अजूनही दुसऱ्याच अर्थाने वापरतो.

खरे तर कल्पित मुलूख उभारण्याची आमच्या भागाला सवय आहे. चौक-कर्जत रस्त्यावर नितीन देसाईंनी स्टुडिओ उभारला आणि 'जोधा अकबर'साठी प्लास्टरचा आग्रा उठवला. २०१३पासून खोपोलीजवळ इमॅजिका आहे. इथल्या कित्येक घरांत त्या राजवाड्यांना रंग दिलेले, त्या पाळण्यांची कळ दाबलेले हात आहेत. हे सगळे रोजगार म्हणून आम्हाला चालते. तसेच कागदावर कुणी फुकट करायला बसला, की मात्र त्याला उद्योग नाही असे ठरते.

तिच्या नकाशात एक आरपार भोक असलेला डोंगर आहे. इर्शाळगडाचे नेढे पाहत वाढलेल्या कुणालाही तो ओळखू येईल. त्याच्या कुशीत तिने एक वस्ती वसवली होती. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह निघाले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. त्यानंतर दहा महिने तिने वही उघडली नाही. मग उघडली तेव्हा वस्ती खोडली नाही; ती लोकांसह डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, सखल जागी नेली, आणि ते कसे हलले याचे चाळीस पानांचे प्रकरण लिहिले. मी ते वाचले आहे. त्यात दरड नाही, पाऊस नाही, सरकार नाही. एक म्हातारी जुन्या जागेवरचा चुलीचा दगड डोक्यावर घेऊन चालते, एवढेच पुन्हा पुन्हा येते. या विषयावरची वास्तववादी म्हणवणारी दोन-तीन लेखने मी वाचली; त्यांत मला ही म्हातारी दिसली नाही. भाषा अजून कच्ची आहे, विशेषणे फार आहेत, संवादांत अनुवादाचा वास येतो. हे तिला सांगितले आहे.

गेल्या मार्गशीर्षात तिने त्या प्रकरणाचे वाचन आमच्याकडे एका घराच्या ओटीवर केले. नाशिकचा मुलगा आला होता, कर्जतहून दोन मुली, एक निवृत्त शिक्षक, मी, आणि शेजारचे एक ठाकर आजोबा, जे चहासाठी थांबले ते शेवटपर्यंत बसले. वाचन दोन तास चालले. हे कशाचे प्रतीक, असे कुणी विचारले नाही. मिठाचा प्रश्न पुन्हा निघाला, त्यावर बरीच वादावादी झाली. आजोबा सगळ्यांत शेवटी बोलले. नदी डोंगराकडे चढते म्हणतेस, तर पाणी आधी खालच्या गावाला लागणार. मग वरच्यांची भातलावणी कधी होते आणि त्यांना पाणी कोण सोडते? तिने ते वहीत लिहून घेतले. सध्या ती ते प्रकरण नव्याने लिहिते आहे. वरच्या आणि खालच्या गावांत पाण्यावरून तंटा सुरू झाला आहे.